दुखायचं थांबलं तेव्हा

संस्थानच्या काळात, महाराजांच्या राज्यात, आमच्या पेठेत तालमीला जेवढा मान, तेवढाच माझ्या वडिलांच्या, आबांच्या, अंगठ्याला. कुणाचं पोट दुखलं की तो आधी आमच्या सोप्यात यायचा. 'बेंबी सरकली' म्हणत आबा तेल लावून अंगठ्यानं पोट चोळायचे आणि माणूस हसत घरी जायचा. मला त्यांचा अभिमान होता, कशाला नाही म्हणू?

मग एकदा माझ्या थोरल्या भावाचंच पोट दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. ओकाऱ्या झाल्या, ताप चढला. आखाड्यात कुणाला हार न जाणारा दादा उजवा पाय पोटाशी घेऊन कण्हत पडला. आबांनी एरंडेल पाजलं आणि चोळायला बसले. दादा किंचाळला.

"जरा सोस की! जाग्याव येतीया."

आणि खरंच, दुपारी दुखायचं एकदम थांबलं. आबांनी मिशीला पीळ दिला. मी शेजारीपाजारी साखर वाटून आले.

आईला मात्र चैन पडेना. पेज पाजताना तिचा हात दादाच्या पोटाला लागला. "प्वाट पाटागत कडक झालंय, अंग भाजतंय. गाडी जुपा," ती म्हणाली. आबा चिडले, पण आईपुढं कुणाचं चाललंय!

इस्पितळात आबांनीच ऐटीत सांगितलं, "दुखायचं थांबलंय की आता."

"थांबलं? कधी?" डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, "आतड्याला करंगळीएवढं शेपूट असतं. ते सुजलं होतं. चोळायचं नव्हतं, जुलाब द्यायचा नव्हता, वेळेवर कापून काढायचं होतं. आता ते आत फुटलंय, म्हणून दुखायचं थांबलं. लगेच पोट उघडावं लागेल."

जित्या माणसाचं पोट कापायचं? आणि मी साखर वाटली होती! आबा स्वतःच्या तेलकट हातांकडं बघत उभे राहिले.

दादाला आत नेलं. बाहेर आणला तेव्हा पू निघून जायला पोटात नळी होती आणि तो निपचित होता. किती तरी वेळानं ओठ हलले.

"आबा, दुखतंय."

आबांचा हात सवयीनं त्याच्या पोटाकडं गेला आणि मधेच थांबला. "दुखू दे रं लेकरा, दुखू दे," म्हणत ते सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.

दादा वाचला. पुढं पार लांबच्या गारगोटीहून कुणी पोट धरून आलं तरी आबा दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे, इस्पितळाची वाट दाखवायचे आणि घाबरेघुबरे होऊन विचारायचे, "पावणं, अजून दुखतंय न्हवं?"