अनुभवाच्या दाखल्यासाठी लासलगावला

नाशिकच्या निमाणी स्टँडवरून लासलगावची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर फाइल होती आणि शेजारी माझा धाकटा भाऊ विलास, तोंड एवढंसं करून. प्रवासाला निघालेल्या माणसाने खिडकीबाहेर बघावं की नाही? आमचा गडी फाइलकडेच बघत होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विलास पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग करायचा, म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी भरायचा. त्याला बायको-मुलीला घेऊन कॅनडाला जायचं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून कॉलेज रोडवरच्या व्हिसा-सल्लागाराने नियम मलाच समजावले. काम कुशल हवं, पगारी हवं, पूर्ण वेळ हवं, गेल्या दहा वर्षांतलं हवं. शिवाय मालकाच्या पत्रात काम काय, तास किती, पगार काय, कधीपासून कधीपर्यंत, सगळं आलं पाहिजे. नाशकात स्वतःच्या टपरीत काढलेली चार वर्षं कागद नाहीत म्हणून आधीच बाद झाली होती. उरली ती लासलगावला, ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला त्या आण्णांच्या वाइंडिंगच्या दुकानातली सहा. ती धरली तरच अर्ज जाणार, नाहीतर बसा घरी.

आण्णांनी पत्र पाठवलं होतं हो! पण लिहिलं काय? 'विलास आमच्या घरचा मुलगा आहे. त्याने कधीही पगारासाठी काम केले नाही.' सल्लागाराने कपाळाला हात लावला. "मॅडम, ही तर फुकटची सेवा झाली. हे अनुभवात धरत नाहीत." म्हणून आमची ही स्वारी निघाली होती, नवं पत्र आणायला.

निफाडला दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले. गाडीत कुणीतरी भेळभत्ता (चुरमुरे, शेव, वर कच्चा कांदा) सोडला आणि सगळ्या गाडीला भूक लागली. विंचूर मागे टाकलं, लासलगाव दिसायला लागलं, आणि पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग! ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर म्हणाला, "आज लिलाव लय मोठा हाय. चालत गेलात तर लवकर पोचाल." उतरलो. शंभर पावलं चाललो नाही तोच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. विलास त्या दिवसात पहिल्यांदा हसला, तो माझ्या फजितीवर. रांग जरा हलली तशी एका ट्रॅक्टरवाल्याने मला मडगार्डवर जागा दिली. "बसा ताई, कांद्याला ओझं व्हत नाय." अशी मी तुटकी चप्पल हातात धरून लासलगावात शिरले.

आण्णांचं दुकान एका खळ्याला (कांदा साठवण्या-निवडण्याची व्यापाऱ्याची जागा) लागून. सत्तरीचे आण्णा, चष्म्याला दोरी, हात वार्निशने पिवळे. दुकानात ते एकटेच काम करत. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर एक लाकडी हातोडी. "ही माझी," विलास हळूच म्हणाला. चार वर्षांत तिची जागा हलली नव्हती.

आण्णांच्या बायकोने, अक्कांनी, आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी शेवभाजी. हात धुतल्यावर मी विषय काढला.

"नोकर लिहू? ह्याला?" आण्णांचा आवाज चढला. "सहा वरसं माझ्या ताटाशेजारी जेवला हा."

"पण पगार देत होतात ना?"

"पगार नाय. खर्ची (हातखर्चाचे पैसे) द्यायचो, दर शनवारी."

"बरं, तास किती?"

"मास्तरीणबाई, मोटर जळाली की शेतकरी काय घड्याळ बघून येतो?"

माझं डोकं सटकलं. "आण्णा, तुमच्या मायेपायी माझा भाऊ इथेच अडकेल!" बोलले आणि जीभ चावली. विलासने मान खाली घातली.

मग अक्काच म्हणाल्या, "लिवा की. पोरगं जायचं म्हनतंय आन तुमी मोठेपणा धरून बसलात."

आण्णांनी लेटरहेड काढलं. मी इंग्रजीत लिहीत गेले आणि ओळन् ओळ मराठीत सांगत गेले. कॉइल बांधणे, भरणे, वार्निश, तपासणी. "बेरिंग बी बदलायचा, लिवा!" आण्णांना आता चेव आला. "आन आवाज ऐकून मोटरीचं दुखणं सांगायचा, ते लिवा." खर्चीचा पगार झाला, शनिवारचे हिशेब जोडून महिन्याचा आकडा आला, तासही ठरले. 'पासून'ची तारीख बिलबुकात सापडली.

"आणि कधीपर्यंत?"

विलास डोकं खाजवायला लागला. "पावसाळा होता... नक्की नाही आठवत."

"पोळ्याचा दुसरा दिवस," आण्णा वर न बघता म्हणाले. "तू सकाळच्या गाडीनं गेलास. दुपारी हिनं चुकून दोन ताटं वाढली." खिळ्यावर वर्षावर वर्ष टांगलेली कॅलेंडरं होती. त्यातलं नेमकं ते पान त्यांनी काढून माझ्यापुढे धरलं. मी तारीख लिहिली. आण्णांनी पत्र जवळ ओढलं, बराच वेळ खाली वाकून सही केली, शिक्का मारला आणि कागद घडी करून विलासच्या खिशात घातला.

त्या पत्रावर अर्ज पुढे गेला, आणि पुढे विलासही गेला, हे सांगून टाकते. पण मला आठवते ती परतीची गाडी. कुठलं काम धरायचं न् कुठलं नाही, याचे नियम मला तोंडपाठ होते. ऐटीत मी पत्र मागून घेतलं, एकदा तपासावं म्हणून. तास, पगार, तारखा, सगळं जागच्या जागी. सहीच्या खाली मात्र आण्णांच्या अक्षरात एक मराठी ओळ होती: 'सदर नोकर परत आल्यास त्याला कामावर घेतले जाईल.'

मी पत्र विलासकडे दिलं. त्याने वाचलं. निफाड येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"ताई, ह्याचंही इंग्रजी करावं लागेल का गं?"

"हो," मी म्हटलं. "शब्दन् शब्द."