इस्त्रीच्या टेबलाजवळचं तापमान

"एक्झॉस्ट फॅन कुठं गेले?" मी विचारलं.

"काढले की. तुमचा रिपोर्ट आला, मग काढले," लक्ष्मीअक्का शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाली.

शेडच्या मागच्या भिंतीत, वरच्या बाजूला, आतली गरम हवा बाहेर ओढणारे मोठे पंखे होते. त्यांच्या जागी आता प्लायवूड ठोकलं होतं. एप्रिल संपत आला होता. भर दुपार, डोक्यावर नुसता पत्रा. आत पाऊल टाकलं तशी माझ्या चष्म्याची काडी कानाला चटका देऊ लागली.

मी एनर्जी ऑडिटर आहे. कारखान्यात वीज कुठं जाते, कुठं वाया जाते, हे मोजून मालकाला सांगायचं, एवढंच माझं काम. हे वर्कशॉप अक्कलकोट रस्त्याकडं होतं, शाळेचे गणवेश शिवणारं. मालक बसवराजअण्णा, मूळचे मैंदर्गीचे, आता घर शुक्रवार पेठेत. वीजबिल झेपेना म्हणून त्यांनी थंडीत आम्हाला बोलावलं होतं.

तेव्हा मी जे सुचवलं ते साधं होतं. शिलाई मशीनला जुन्या क्लच मोटरी होत्या. या मोटरी बाईचा पाय पायडलवर नसला तरी फिरतच राहतात. त्याऐवजी सर्वो मोटर लावा, ती शिवण चालू असेल तेवढीच फिरते. ट्यूब काढून एलईडी लावा. इस्त्रीच्या टेबलांकडं वाफेचा उघडा पाइप जातो, त्यावर जाड वेष्टण चढवा, म्हणजे वाफ वाटेत थंड होणार नाही आणि शेडही तापणार नाही. एक्झॉस्ट फॅन जुनाट आहेत, वीज खातात, ते बदला. आणि शेवटचं, पत्र्याला बाहेरून पांढरा उष्णतारोधक लेप आणि आतून इन्शुलेशन.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या ऑफिसातले वरिष्ठ, देसाईसर, अडले होते.

"पेबॅक किती?" त्यांनी विचारलं. पेबॅक म्हणजे खर्च केलेला पैसा वीजबचतीतून किती काळात परत येतो तो हिशोब. आमच्या धंद्यात सगळं त्यावर ठरतं.

"पेबॅक नाही सर. शेडमध्ये एसीच नाही. छप्पर थंड केलं तरी बिलात काही वाचणार नाही."

"मग एनर्जी ऑडिटमध्ये ते कशाला?"

"माणसं आहेत ना आत."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "ठेव. पण अगदी शेवटी ठेव," म्हणाले.

आता मी दुसऱ्यांदा आले होते ती बचत मोजायला. मोटरी नव्या होत्या, दिवे नवे होते. पाइप तसाच उघडा. पत्रा तसाच. आणि पंख्यांच्या जागी प्लायवूड.

अण्णांच्या केबिनमध्ये एसी होता. मी बसले नाही.

"अण्णा, फॅन बदला म्हटलं होतं. काढा म्हटलं नव्हतं."

"अहो मॅडम, नवीन सांगितलेत की! येतील. जुने काढले तर भोकातून धूळ यायला लागली. सगळा माल पांढरा. शर्टावर डाग पडला तर शाळा घेते का? म्हणून प्लायवूड मारलं."

"मग नवे येईपर्यंत जुने पुन्हा लावा."

"भंगारात गेले ते."

"मग प्लायवूड तरी काढा. आज. आत्ता. आत माणसाला उभं राहवत नाही."

"मीपण त्याच शेडमध्ये काढलीत वर्षं. सोलापूरचा उन्हाळा काय नवीन आहे का?" मग जरा नरम झाले. "बरं. जेवणानंतर सुताराला बोलावतो. जूनच्या आधी माल जायला पाहिजे मॅडम. आत्ता काम थांबवलं तर सगळा सीझन बसला."

बाहेर येऊन मी देसाईसरांना फोन लावला.

"आपण सल्ला देतो, पोलीस नव्हे," सर म्हणाले. "रीडिंग घे आणि नीघ."

रीडिंग घ्यायला मी इस्त्रीच्या टेबलांकडं गेले. शेडमधली सगळ्यात वाईट जागा ती. वर पत्रा, बाजूला वाफेचा पाइप, हातात इस्त्री. तिथं दत्तू उभा होता. करमाळ्याकडचा, पस्तिशीतला, अंगानं काटक. थंडीत मी मापं घेत होते तेव्हा यानंच मला स्टूल आणून दिलं होतं. तापमापकातला आकडा पन्नाशीकडं चालला होता. पण मी बघत राहिले ती दत्तूकडं. सगळ्यांचे कपडे घामानं चिकटले होते. त्याचा सदरा कोरडा होता. चेहरा लाल आणि कोरडाठाक.

"दत्तू, पाणी प्यायलास का?"

"म्हशीला दावलं की पानी," तो म्हणाला. "सोडली न्हाय अजून. उनात बांदलीय."

"कुठली म्हैस?"

"ती काय, हितंच," म्हणून त्यानं पाइपाकडं बोट केलं. दुसऱ्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच टेकलेली. कापड जळल्याचा वास आला. मी इस्त्री उचलली आणि त्याच क्षणी तो गुडघ्यांत मोडला.

उष्माघातात घाम थांबतो, माणूस बरळायला लागतो आणि मग वेळ फार थोडा उरतो. आमच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं. मी आणि लक्ष्मीअक्कानं त्याला काखेत धरून दाराशी ओढत आणलं. "नीळ्ळु! नीळ्ळु!" अक्का तेलुगूत ओरडली आणि बायका कळशा, बाटल्या घेऊन धावल्या. कोणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतायला गेलं, मी हात धरला. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजायचं नाही. शिवून ठेवलेले गणवेश आम्ही पाण्यात बुचकळले आणि त्याच्या मानेवर, काखेत, मांड्यांत ठेवले. ठेवले की लगेच गरम व्हायचे.

अण्णा धावत आले. बघितलं आणि गाडी आणली. दत्तूला त्यांनीच उचललं. गाडी त्यांनीच चालवली. वाटभर ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होते. मला त्यातलं फक्त "शिवा, शिवा" कळत होतं.

दवाखान्यात बर्फ, सलाइन, सगळं झालं. दत्तू शुद्धीवर आला नाही. त्याची बायको, सुमन, संध्याकाळी एसटीनं आली. माझ्याकडं आली आणि विचारलं, "तुमी तितं हुता म्हनं?"

"होते."

"काय बोलला का त्यो?"

मी सांगितलं. म्हैस उन्हात बांधलीय, सोडली नाही, असं म्हणत होता.

"म्हैस इकली की आमी," ती म्हणाली. "इकली म्हनून तर त्यो हितं आला."

त्याच्या किडन्या गेल्या. मग बाकीचं. आठवडा उलटायच्या आत दत्तू गेला. दवाखान्याच्या कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं होतं. तसं बघितलं तर प्रत्येकाचीच पडते.

चौकशीला सरकारी माणूस आला तोपर्यंत प्लायवूड निघालं होतं. नवे फॅन आले. पाइपाला वेष्टण चढलं. मे संपायच्या आत पत्र्याला लेप आणि खालून इन्शुलेशनसुद्धा झालं. अण्णांनी खर्चाचं एकदाही विचारलं नाही. काम बघायला गेले तेव्हा ते केबिनमध्ये नव्हते, शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"मी काय मुद्दाम केलं का मॅडम?"

"नाही अण्णा."

"मग?"

मी टेप काढून इन्शुलेशनची जाडी मोजायला गेले.

लक्ष्मीअक्का भेटली. शेडमध्ये आता बरं वाटतं का, म्हणून मी विचारलं. "बरं हाय," ती म्हणाली. "दुपारी डोकं धरत न्हाय." मग म्हणाली, "लई उशिरा बरं हाय."

रिपोर्ट मी पुरा केला. मोटरींची बचत लिहिली, दिव्यांची लिहिली, पाइपाची लिहिली. छपरापुढं शून्य लिहावं लागलं, कारण ते खरं होतं. त्या कामानं विजेचं एक युनिटही वाचलं नव्हतं. देसाईसरांनी तो आकडा वाचला आणि सही केली.

आता मी उन्हाळ्याआधीचं कुठलंही ऑडिट अर्धवट समजते. एप्रिल-मेच्या दुपारी पुन्हा जाते, आणि सगळ्यात तापलेल्या टेबलापाशी उभी राहून तिथला आकडा रिपोर्टच्या पहिल्या पानावर घालते. क्लायंट विचारतात, यात बचत कुठं आहे? मी सांगते, नाही. काही जण ते पान उलटून पुढं जातात. वाचलेली वीज महिन्याच्या बिलात दिसते. वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर येतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.