केळीखालची नथ
राखेनं घासलेल्या पितळेचा वास आला, की आमचं नागपूरचं अंगण आठवतं. इतवारीच्या भंगारातून आणलेला जुना मेटल डिटेक्टर फिरवत मी तिथे गुप्तधन शोधत होतो. "हे भंगार काय वाजते गा?" आई हसली. अन् काय सांगू, भांड्यांची राख टाकायच्या केळीखाली ते असं कोकललं! मी थाटात खणलं. निघाली राखेसोबत गेलेली आईची नथ. ती वहिनीनं माहेरी पोचवली, असं आम्ही सगळे वर्षभर बोलत होतो. वहिनीनं नथ धुतली, आईच्या हातावर ठेवली. "आता तरी माह्या माहेराले चोर नका म्हणू जी." अजूनही नथ घातलेली बाई दिसली, की माझीच मान खाली जाते.