रविवारचा फोन आणि मक्याची दारू

मक्याची दारू असते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आमच्याकडे दारू म्हणजे मोहाची. पण मुलगा अमेरिकेत गेला आणि दर खेपेला बापासाठी तिकडच्या बाटल्या आणू लागला. भारीतल्या नाहीत. "बाबा, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असते ती ही," असं सांगूनच द्यायचा. बापालाही तेच बरं वाटायचं. भारी वस्तू हातात आली की हे ती ठेवून देत, वापरत नसत.

बापलेकांचा बेत असा, की ज्या तीन बाटल्या इथं, त्याच तीन तिथं. व्हिडिओ कॉल लावायचा, दोघांनी एकाच जातीची जराशी ओतायची आणि सरस कोणती ते ठरवायचं. तिकडे शनिवारची संध्याकाळ, म्हणजे इकडे रविवारची सकाळ. मी पोहे भिजवतेय, दारात दूधवाला घंटी वाजवतोय, आणि हा माणूस अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, झाकणभर दारू घेऊन बसलाय! मी स्वयंपाकघराचं दार धाडकन लावून घ्यायची. तासभर फोन चालायचा, तासभर दार बंद.

मी होतेच तशी. वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा महिला मंडळात दारूविरोधी भाषणं ठोकण्याचा मक्ता माझा. यांची बस कोपऱ्यावर थांबली की मी दारात हजर, आणि नवरा उंबरा ओलांडायच्या आत त्याचं तोंड हुंगणार. एकदा खोकल्याच्या औषधाचा वास आला तर मी अबोला धरला. शेवटी यांनी औषधाची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. शहाणीनं तीही हुंगून पाहिली! आज ती बाई भेटली तर तिला खुर्ची देईन आणि म्हणेन, बस गं जरा, दमली असशील.

हे वारले त्याला आता दोन वर्षं होतील. बाटल्या कपाटात रजयांच्या मागे अर्ध्यामुर्ध्या उभ्या राहिल्या, आणि फोन आटला. "आई, गोळी घेतली? जेवली? बरं, ठेवतो मग." चहाला उकळी यायच्या आत संपतो. उरलेल्या रविवारी मी आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी वीज केंद्राची राख. झटकली की पुन्हा बसते. मला एवढंच पाहिजे होतं, की तो फोन पुन्हा तासभर चालावा. बापाशी चालायचा आणि माझ्याशी का चालत नाही? वाटलं, आपल्याकडे विषय नाही म्हणून. आणि विषय तर कपाटात होता.

आमची शेजारीण गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची. तिच्या माहेरी मोह वेचतात, गाळतात. शनिवारी तिला विचारलं, चव कशी घेतात गं?

"तुमी, बाई?" तिनं तोंडाला पदर लावला. "तुमच्या भाषणाले भिऊन माहा बुढा मागच्या दारानं घरी येत होता!"

"ते राहू दे. तू सांग."

"पयले दोन थेंब भुईले. घरातले जे गेले त्यायच्या नावानं. मंग आपण. आन् कोमट पायजे. थंडी दारू मुकी रायते."

रविवारी मी फोन मिठाच्या बरणीला टेकवला आणि तीन बाटल्या ओट्यावर मांडल्या. मुलगा स्क्रीनवर आला आणि बघतच राहिला.

"आई, काय करून राह्यली तू?"

"तुझा बाप नाई तर मी. काढ तुझीबी बाटली. थांब, कोमट करतो."

चहाच्या गंजीत, म्हणजे छोट्या पातेल्यात, जराशी ओतून गॅसवर ठेवली. भक्कन जाळ उठला, निळाशार.

"आई! गॅस बंद कर! गॅस, आई!" तिकडे तो खुर्चीवरून उठला होता. जसा काही हात घालून बटण फिरवणार.

मी गॅस बंद केला, गंजीवर ताट दाबलं. भुवईचे काही केस गेले असावेत, करपल्याचा वास येत होता.

"पाह्य, निळी पेटली," मी म्हटलं. "असली आहे."

"ती गरम नसते करत, आई! तशीच पितात!"

"मले का मालूम? मोहाची कोमटच असते म्हणे."

"अवं, ही मोहाची आहे का?" म्हणाला खरा, पण हसत होता. बाप गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मग गार दारू घेतली. आधी दोन थेंब फरशीवर सांडले. त्यानं पाहिलं.

पहिली बुडाला लागलेल्या गुळाच्या पाकासारखी. गोड, आणि मागून कडवट. दुसरी तोंडात घेतली तर नव्या सागवानी कपाटाचं दार उघडल्यासारखं झालं. तिसरी मक्याची नव्हतीच, राय नावाच्या धान्याची. मिरी-लवंगांचा काढा कोणी रागारागानं उकळावा तशी. मी हे सगळं त्याला सविस्तर सांगितलं. पहिला नंबर सागवानाला दिला, आणि रायला म्हटलं, ही पाजायला डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे.

"बाबा एवढं कधीच नाही बोलले," तो म्हणाला. "नुसतं, हं, बरी आहे."

"आणि मग? तासभर काय बोलत होते तुम्ही?"

"काहीच नाई."

"म्हणजे?"

"ते पेपर वाचायचे. मी भांडी घासायचो, कपड्यांच्या घड्या घालायचो. फोन चालू राहायचा. तूच तर ठेवून देतेस, आई. गोळीचं सांगून झालं की म्हणतेस, बरं, ठेव आता, कामं असतील तुले."

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी असं म्हणते हे ठाऊक होतं. त्याला त्याचा वेळ मिळावा म्हणून म्हणायची.

आता पुढचा विषय जिभेवर आला होता, मागच्या दारानं घरी येणाऱ्या शेजारणीच्या नवऱ्याचा. तो गिळला. मेथीची जुडी ओढली आणि निवडायला घेतली. त्यानं तिकडे कपड्यांची टोपली उचलून आणली. स्क्रीनवर त्याचं कोपर तेवढं दिसायचं, कधी एखादी बाही, आणि मागे एक दिवा. खोली फार मोठी वाटली मला, आणि तीत तो एकटाच.

बऱ्याच वेळानं फोनची बॅटरी लाल झाली. मी उठून चार्जर लावला आणि परत मेथीपाशी येऊन बसले.