सूर्यास्तानंतरचा थेंब

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत बोलायचं नसतं. यंत्राला हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. पण धडगावचे कापडवाले चंपालालशेठ पहिल्याच दिवशी प्रत्येक ठिपक्याला ओरडले, "दखाना, बेन! दखाना!" 'दिसला, दिसला' म्हणून ओरडण्याच्या नादात बटण दाबायचं मात्र विसरलेच. अख्खी तपासणी पुन्हा घ्यावी लागली.

नंदुरबारच्या दवाखान्यात नजरेचा घेर मोजायचं काम माझ्याकडे होतं. शेठना काचबिंदू. उजव्या डोळ्याच्या कडेची नजर गेली ती गेलीच. उरलेली टिकवायला सकाळ-संध्याकाळ थेंब, तेही जन्मभर. "दुखत नही, खुपत नही. मंग औसद कसाले?" असं कुरकुरत, पण दर तीन महिन्यांनी घाट उतरून जीपनं हजर! येताना माझ्यासाठी खाकरे.

वर्षभरानं पाहते तर तपासणीच्या कागदावरचा काळा डाग, म्हणजे न दिसणारा भाग, वाढलेला. डॉक्टरांनी ऑपरेशनची गोष्ट काढली. मी शेठना बाजूला घेऊन दरडावलंच, "खरं सांगा, थेंब चुकवता ना?"

शेठ जैन, सूर्यास्तानंतर पाणीही न पिणारे. मान खाली घालून म्हणाले, "दिन बुडेल ऱ्हास, नि थेंब डोयामा टाका का कडू घसामा उतरस. व्रत मोडस ना, बेन!" दोन थेंबांत बारा तास हवेत, आणि सूर्योदयानंतर घटकाभरानं सुरू होऊन सूर्यास्ताला संपणारा त्यांच्या व्रताचा दिवस तेवढा भरत नव्हता. म्हणून संध्याकाळचा थेंब त्यांनी गुपचूप सोडला होता. वर्षभर आम्ही नुसते थेंब लिहून देत होतो, त्यांची संध्याकाळ कशी जाते हे एकानंही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टर रागावले नाहीत. थेंब टाकून त्यांनी शेठना डोळा मिटायला लावला आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायला सांगितला. असं केलं की थेंब घशाकडे जात नाही. मी घड्याळ धरलं. दोन मिनिटं झाली. शेठनी आवंढा गिळला, जीभ टाळूला लावून पाहिली आणि ताडकन उठले. "कडू नही लागनं! बेन, जराबी नही!" मलाही उडी मारावीशी वाटली.

ऑपरेशनचा निर्णय डॉक्टरांनी पुढच्या तपासणीवर ठेवला. पुढच्या वर्षी त्या तपासणीला मीच जास्त घाबरले होते. मागच्या वेळी डागाला अगदी चिकटून एक ठिपका त्यांना जेमतेम दिसला होता. तो दिसला नाही, तर डाग पुढे सरकला. ठिपका चमकला. क्षणभर काहीच नाही. मग बटण वाजलं आणि पाठोपाठ आरोळी, "दखाना!" लगेच जीभ चावून ते गप्प झाले.

मी म्हटलं, "ओरडा, शेठ."