जेवायला बोलावणारं अ‍ॅप

आधी चहा संपवा. मधेच हसू येऊन ठसका लागला तर ते पाप माझ्या माथी नको, तिथं आधीच बरंच साठलंय. मी माती खाल्ली ती काही घरात गुपचूप खाल्ली नाही. भर साखरपुड्यात, लाउडस्पीकरवरून खाल्ली.

मी तळेगावात राहते आणि कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते, हे तुम्हाला माहीतच आहे. नोकरीही तीच आणि सुट्टीतला छंदही तोच. रिकामं बसणं मला जमत नाही. गाडी सिग्नलला थांबली तरी माझी बोटं स्टिअरिंगवर काहीतरी टाइप करत असतात. सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, बरोबर उलटं. त्याला तासभर डोंगराकडे बघत बसता येतं. मला दोन मिनिटांत त्या डोंगराचं काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागतं.

तर एका रविवारी आम्ही कार्ल्याला दत्ताभाऊंच्या कृषी पर्यटन केंद्रावर जेवायला गेलो. भातखाचरांच्या कडेला चार खोल्या, झाडाखाली झोपाळे, पलीकडे जेवणाची शेड. बाहेरचं सगळं भाऊ बघतात आणि त्यांच्या बायको, शेवंतामावशी, स्वयंपाकघर सांभाळतात. जेवण तयार झालं की मावशी शेडच्या दारात येऊन हाक मारायच्या, "चला वो, जेवायला." पाहुणे असायचे पांगलेले. कोणी ओढ्यावर, कोणी वावरात फोटो काढत. हाका मारमारून मावशींचा घसा पार बसला होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, तुम्ही ओरडायचंच नाही. तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नुसतं लिहायचं. तो बोलेल."

"कुणासंगं?"

"स्पीकरवरून. सगळ्यांशी."

मावशींनी भाऊंकडे पाहिलं. "म्हंजी हाक मी मारायची न्हाई, त्यानं मारायची?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "आन् तू भाकरीकडं बघायचं."

आता सांगा, हे अ‍ॅप कोणी मागितलं होतं? कोणीसुद्धा नाही. पण मी पुढच्या आठवड्याभरात ते करूनही टाकलं. पडद्यावर एक मोठी चौकट. तीत मराठीत लिहायचं, एंटर दाबायचं, की एका बाईचा यांत्रिक आवाज खांबांवरच्या कर्ण्यांतून सगळ्या आवारात घुमणार. शिवाय मी दोन सोयी केल्या होत्या. चौकट रिकामी असताना नुसतं एंटर दाबलं तर मागचीच घोषणा पुन्हा व्हायची, म्हणजे मावशींना तेच तेच लिहायला नको. आणि कोणी चुकून अ‍ॅप बंद केलं तर ते आपणहून पुन्हा उघडायचं. या दोन सोयींचा मला इतका अभिमान होता की सुधीरला मी त्या दोनदा समजावून सांगितल्या. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली.

एका शनिवारी जाऊन मी ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवून आले. मावशी खूश. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं.

पुढच्या रविवारी मी कौतुक करून घ्यायला गेले. ऑफिसात खुर्चीवर बसले, बॅग मांडीवर घेतली, चहाचा पहिला घोट घेतला आणि कर्णा बोलला, "नाष्टा तयार आहे. सर्वांनी भोजनगृहात यावे."

दुपारचे बारा वाजत आले होते. बिचारे पाहुणे आपले आले. मावशी हातातलं पीठ झाडत बाहेर आल्या. "नाष्टा कवाच उरकला. कोण बोलवतंय ह्यांना?"

मी कॉम्प्युटरकडे धावले. कीबोर्डला कोणाचा हातही लागलेला नव्हता. तेवढ्यात पुन्हा, "नाष्टा तयार आहे." पाहुणे परत फिरले होते, ते परत आले. आणि मग तो आवाज एकदम गंभीरपणे म्हणाला, "क क क क क क क."

झोपाळ्यावरचं एक लहान मूल रडायला लागलं.

मी अ‍ॅप बंद केलं. ते अर्थातच पुन्हा उघडलं.

घरी येऊन मी सगळा प्रोग्रॅम ओळीओळीनं तपासला. माझ्या कॉम्प्युटरवर तो अगदी सरळ चालत होता. सुधीरला बसवून कीबोर्डवर वेड्यासारखं बडवायला लावलं, तरी काही नाही. मावशींना फोन केला. "आज आपोआप बोललं का काही?"

"न्हाई बा. लय शहाण्यावानी वागतंय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला चैन पडेना. माझ्या नोकरीतल्या मीटिंगमध्ये कोणी काही विचारलं की मी दचकायचे. शेवटी सुट्टी टाकून, सुधीरला घेऊन पुन्हा कार्ल्याला गेले. बॅग टेबलावर ठेवून ती जरा सरकवते न सरकवते तोच, "भाकरी तयार आहे. भाकरी तयार आहे. प प प प."

दत्ताभाऊ दारात उभे होते. चाचरत म्हणाले, "ताई, राग मानू नका. पर हे तुमी आल्यावरच करतंय."

आता इथं कोणाही शहाण्या माणसाला काय सुचलं असतं? की आपण येताना बरोबर काय आणतो ते बघावं. मला काय सुचलं? की कोणीतरी माझ्या पाळतीवर आहे. मी कुठे जाते हे त्याला कळतंय आणि मी पोचले की तो हल्ला करतोय. आणि खरं सांगू का, भीती वाटली, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. इतक्या जगातून त्यानं मला निवडलं होतं.

"हॅकर आहे भाऊ," मी आवाज खाली आणून सांगितलं.

"आन् आपल्या हितं त्याला काय घावणार? भात?"

"त्याला तुमच्यात रस नाही. त्याला माझ्यात रस आहे."

भाऊंनी सुधीरकडे पाहिलं. सुधीरनं डोंगराकडे पाहिलं.

मी इंटरनेटची तार काढली. थोडा वेळ शांत गेला, म्हणून मी विजयानं बॅग खांद्याला लावली आणि निघाले, तर पाठीमागून, "भाकरी तयार आहे." म्हणजे इंटरनेट नसतानाही तो आत होता. मग मी अख्खा कॉम्प्युटर पुसला. सगळं नव्यानं घातलं. अ‍ॅप पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. डोळ्यांखाली काळं आलं. सुधीर एवढंच म्हणाला, "जेवून घे. आणि या वेळी खरंच जेवण तयार आहे."

अशात भाऊंच्या मुलीचा, रूपालीचा साखरपुडा आला. केंद्राच्याच आवारात मांडव घातलेला, परंदवडीहून मुलाकडचे येणार. भाऊ आधीच म्हणाले होते, "त्या दिवशी यंत्र बंदच ठिवू, ताई. मी मारतो की हाक."

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर हो म्हणाली असती. मी म्हटलं, "नाही भाऊ. घाबरून बंद केलं तर तो जिंकला. तुम्ही मांडवात बसा. मी स्वतः कॉम्प्युटरसमोर पहारा देते."

त्या दिवशी आम्ही दोघं लवकर गेलो आणि मी आवाज अगदी बारीक ठेवून एक घोषणा करून पाहिली, "जेवण तयार आहे. सर्वांनी भोजनगृहात यावे." छान झाली. मग आवाज पुरेसा मोठा केला, दार लोटलं, खुर्ची ओढली आणि बॅग मांडीवर घेऊन पडद्यावर नजर रोखून बसले.

बाहेर मंत्र चालले होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. रूपाली हिरव्या शालूत पाटावर बसलेली. समोर मुलगा. त्याच्या शेजारी त्याचे वडील, मारुतीआबा, पांढरा फेटा, ताठ पाठ, चेहऱ्यावर हसू शोधून सापडणार नाही. भटजींनी अंगठी मुलाच्या हातात दिली. माझा जीव नुसता वरखाली. आणि जीव वरखाली झाला की माझा पाय हलतो. टाच जमिनीवर, गुडघा वरखाली, शिवणयंत्रासारखा. लहानपणापासूनची खोड.

"जेवण तयार आहे. सर्वांनी भोजनगृहात यावे."

मुलानं अंगठी पुढे केलेली. रूपालीनं बोट पुढे केलेलं. दोघंही तसेच थांबले. मागच्या रांगेतली काही मंडळी मात्र उठली. लांबून आली होती, भुकेली होती.

मी घाबरले. पाय जास्त हलायला लागला.

"जेवण तयार आहे. सर्वांनी भोजनगृहात यावे. जेवण तयार आहे. जेवण तयार आहे."

अर्धा मांडव उठला. मुलाच्या एका मामांनी शेडमध्ये जाऊन ताटसुद्धा हातात घेतलं. भटजी म्हणत होते, "बसा, बसा," आणि वरून ती बाई म्हणत होती, "सर्वांनी यावे." अंगठी अजून हवेतच होती.

मारुतीआबा उभे राहिले. त्यांचा आवाज मला खिडकीतून स्वच्छ ऐकू आला. "दत्ताभाऊ, आमाला जेवाय घालून घालवायची एवढी घाई झालीय व्हय? तसं असंल तर सांगा. आमी निघतो."

भाऊ धावत ऑफिसात आले. कपाळावर घाम. "ताई, बंद करा ते. पाया पडतो."

"भाऊ, तो आत शिरलाय," मी म्हटलं आणि भीतीनं बॅग छातीशी घट्ट धरली.

पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. "यययययययय." मी हातपाय गाळून मागे टेकले, हात सैल पडले. अक्षरं थांबली. मी पुन्हा घट्ट धरलं. "ययययय." सैल सोडलं. थांबली.

भाऊ पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग बॅगेकडे.

मी चेन उघडली. डबा बाहेर काढला, पाण्याची बाटली काढली, आणि त्यांच्याखाली दबून पडलेला माझा छोटा, बिनतारेचा कीबोर्ड निघाला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्याचं असं झालं होतं. अ‍ॅप बसवायला पहिल्यांदा गेले तेव्हा ऑफिसच्या कीबोर्डात पापडाचा चुरा अडकून दोन-चार बटणं बसली होती. म्हणून मी माझा कीबोर्ड वापरला. त्याचा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचला. काम झाल्यावर कीबोर्ड बॅगेत टाकला आणि रिसीव्हर विसरले. मावशींनी दुसऱ्या दिवशी चुरा काढून आपला कीबोर्ड ठीक केला. माझा बॅगेत चालूच राहिला. मी जवळ आले की तो जोडला जायचा, आणि डब्यानं किंवा बाटलीनं जे बटण दाबलं जाईल ते इमानानं पोचवायचा. माझ्या पाळतीवर असलेला तो जगातला मोठा हॅकर म्हणजे मटकीच्या उसळीचा डबा होता.

"म्हंजी..." भाऊ म्हणाले.

तेवढ्यात मावशी पदर खोचत आत आल्या. मी कीबोर्ड दाखवून सगळं सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी तो कीबोर्ड माझ्या हातातून घेतला, कॉम्प्युटरची पिनच भिंतीतून ओढली आणि बाहेर गेल्या. मी पाठोपाठ, जणू गुन्हेगार पोलिसामागून चाललाय.

"आबा," मावशी मांडवात जाऊन म्हणाल्या, "आमाला तुमाला घालवायची घाई न्हाई. यंत्र बिघडलं हुतं. ते आता निजवलंय. तुमी बसा, पोरांचं हात अवघडल्यात."

आबांनी मुलाच्या हाताकडे पाहिलं. खरंच अवघडला होता. ते बसले. मामा ताट खाली ठेवून परत आले. अंगठी एकदाची बोटात गेली.

वाटलं, सुटले. हळूच गाडीकडे सटकत होते तर आबांनी अडवलं. "ह्या कोण म्हनायच्या? मगाशी त्या खोलीत ह्याच हुत्या न्हवं?"

भाऊंनी तोंड उघडलं. काय सांगणार होते देव जाणे. पण मावशींनी मधेच माझ्या हातात आमटीची बादली दिली, वर ओगराळं ठेवलं आणि म्हणाल्या, "ही व्हय? आमच्या हितं वाढाय येती. जा गं, पंगत बसली."

मी गेले. काय करणार? बॅग खुर्चीला अडकवली, ओढणी कमरेला बांधली आणि वाढायला लागले. आमटी, मग भात, मग पुन्हा आमटी. कोणी म्हणे थोडी, कोणी म्हणे तळातलं काढा. सबंध पंगत वाकून वाकून वाढली. आबांपाशी आले, वाटी काठोकाठ भरली आणि बाहेर थेंबसुद्धा पडला नाही.

आबांनी भुरका मारला. पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ताई, हात लय चांगलाय तुमचा. सांडलं न्हाई, कुणाला कमी पडलं न्हाई. हेच करत जावा."

"व्हय आबा," मी म्हटलं आणि पुढच्या ताटाकडे सरकले.

पुढचं ताट सुधीरचं होतं. त्यानं मान वर न करता वाटी पुढे केली आणि म्हणाला, "आबा बरोबर बोलतायत."