कोऱ्या रकान्यांची लिस्ट

घाडी माझ्या टेबलासमोर उभे होते. डाव्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र, उजव्या हाताला बँडेज.

“कम्प्युटरवाल्या बाई तुम्हीच ना? माका सांगा, मी गैरहजर खंय होतंय? हॉस्पिटलात होतंय.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका कारखान्यात मी ट्रेनी प्रोग्रामर होते. आमच्या घाटकोपरच्या चाळीत कम्प्युटर प्रत्यक्ष पाहिलेली मी एकटीच, त्यामुळे घरी माझा भारी रुबाब. घाडी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या खात्यात होते. तिथल्याच मशीनवर त्यांची दोन बोटं गेली होती.

महिन्यापूर्वी आमचे मॅनेजर नाडकर्णी साहेब म्हणाले होते, “सहा महिन्यांत साठ दिवसांच्या वर गैरहजर असलेल्यांची लिस्ट काढ.” कशाला, ते मी विचारलं नाही. पहिलाच प्रोग्राम स्वतंत्रपणे मिळाला होता. चार दिवसांत लिहिला. साहेब सगळ्यांसमोर “झकास” म्हणाले.

घाडी गेल्यावर मी हजेरीची फाइल उघडली. हजर माणसापुढे ‘पी’, रजेवर असलेल्यापुढे ‘एल’. घाडींपुढे सलग कोरे रकाने. हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसात गेले. तिथला क्लार्क म्हणाला, “माणूस हॉस्पिटलात असला की आम्ही कोरंच सोडतो. सर्टिफिकेट आलं की वेगळ्या फाइलमध्ये चढवतो. तुला माहीत नव्हतं?”

नव्हतं. माझा प्रोग्राम ती दुसरी फाइल वाचतच नव्हता. कोरा रकाना म्हणजे गैरहजर, हे मी आपलं मनानेच धरलं होतं.

दोन्ही फाइली जोडून प्रोग्राम पुन्हा चालवला. अकरा नावं गळाली. तो कागद घेऊन धावत साहेबांकडे गेले.

“सर, वाट लागली. चूक माझी आहे. ही अकरा माणसं हॉस्पिटलात होती.”

त्यांनी कागद नीट वाचला. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला.

“पहिल्या लिस्टवर वरच्यांची सही झालीय. पत्रं गेलीत.”

“पण सर, ती लिस्टच चुकीची आहे.”

“कम्प्युटर चुकतो असं एकदा कळलं ना, उद्या या खात्याला टाळं लागेल. तू प्रोबेशनवर आहेस. गप्प बस.”

मी गप्प बसले.

युनियनने आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने चौकशी बसवली. माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद आला: ‘सदर यादी कम्प्युटरवर उपलब्ध हजेरीवरून तयार केली आहे.’ वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते असं लिहिलं होतं. घाडी समोरच्या बाकावर बसले होते. मी काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघत होते. मी सही केली आणि बाहेर आले.

अकरापैकी कोणालाच परत घेतलं नाही. केस कोर्टात गेली, तारखा पडत राहिल्या. दोन वर्षांनी टाइम ऑफिसच्या त्या क्लार्ककडून कळलं, घाडी मालवणकडे गावी गेले होते आणि तिथेच वारले. कशाने, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी मात्र कन्फर्म झाले. पुढे त्याच अनुभवावर अंधेरीत चांगली नोकरी लागली. तिथल्या इंटरव्ह्यूत मी हजेरीच्या सिस्टिमबद्दल छान बोलले.

नवीन मुलंमुली सल्ला मागतात. कोणती लँग्वेज शिकू, कोणती कंपनी धरू. मी एवढंच सांगते: लिस्ट मागितली की आधी विचारा, ती कुणासाठी आणि तिचं पुढे काय होणार. कोऱ्या रकान्याचा अर्थ, तो भरणाऱ्याकडे जाऊन विचारा. आणि चूक सापडली तर साहेबाला सांगून सुटलो असं समजू नका. साहेबाकडे ड्रॉवर असतो.